जावयाला सापडायचं नाही

माझा नवरा खासगी गुप्तहेर आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग श्रीरामकडे बघतात आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटतं. त्याचा चेहराच तसा आहे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात हा माणूस असा उभा आहे, जणू पलीकडे कुणीतरी गेलंय. पलीकडे मी होते, चांगली नटूनथटून.

आधी तो जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. इंजिन रूममध्ये कुणी कुणाचा चेहरा बघत नाही, म्हणून निभावलं. मग कंबर गेली, समुद्र सुटला आणि या दुःखी प्राण्याला सिंगापुरात काम दिलं ते एका तितक्याच दुःखी जपानी म्हाताऱ्याने. हायाशी-सान. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर, न्हावी आणि गाद्यांचं दुकान यांच्या मधे, 'हायाशी इन्क्वायरीज'. म्हातारा जाऊन चार वर्षं झाली. पाटी अजून त्याचीच. भिंतीवर त्याचा फोटो, आणि फोटोपुढे रोज सकाळी श्रीराम एक कप ग्रीन टी ठेवतो. माझ्या सासऱ्यांच्या फोटोला वर्षातून एकदा हार मिळतो, तोही मी आठवण केली तर.

नुसता चहा असता तर मी सोसलं असतं. पण म्हाताऱ्याने जाताना एक नियमही ठेवलाय. हायाशी-सानचे वडीलही गुप्तहेर होते. महायुद्धानंतरचं जळून गेलेलं टोकियो, अर्धं शहर उरलेल्या अर्ध्याला शोधत होतं, म्हणजे धंदा जोरात. त्यांच्याकडे एक सैनिक आला. सरकारने त्याला मेलेला ठरवलेलं, आणि तो चालत घरी परतलेला. बायकोने दुसरा संसार मांडला होता. यांनी तीन आठवड्यांत तिला शोधलं आणि मोठ्या अभिमानाने पत्ता सैनिकाच्या हातात ठेवला. चौथ्या दिवशी ती बाई लेकराला घेऊन गेली ती गेलीच. मग पहिला नवरा आणि दुसरा नवरा, दोघं एकाच वेळी यांच्या दारात, तिला शोधून द्या म्हणून. ती कधीच सापडली नाही. तेव्हापासून नियम असा, की हरवलेला माणूस सापडला की पत्ता अशिलाला द्यायचा नाही. आधी त्या माणसाला विचारायचं, तुला सापडायचं आहे का? तो नाही म्हणाला तर अशिलाला सांगायचं, सापडला, सुखरूप आहे, भेटायची इच्छा नाही. विषय बंद.

आता हा नियम आम्ही पाळतो कुठे, तर सिंगापुरात, जिथे आमची निम्मी कामं 'माझा नवरा जिमला जातो म्हणतो, खरंच जातो का बघा' अशी असतात. जातो हो बाई. तिथेच तर घोटाळा आहे.

पण श्रीरामला हे कोण सांगणार? एकदा कुणाचा झाला की झाला. मेलेल्या म्हाताऱ्याशीही हा अजून नोकरीला असल्यासारखा वागतो.

तर यंदाच्या जूनमध्ये, अधिक महिना संपायला आठ दिवस राहिलेले असताना, आशालताबाई आमच्या ऑफिसात आल्या. बहात्तर वर्षांच्या, कऱ्हाडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. समोर बसल्या आणि थेट म्हणाल्या, "मला माझे जावई शोधून द्या."

"पळून गेलेत?" मी विचारलं. या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

"तसंच म्हणा."

"मग मुलगी काय म्हणते?"

"मुलगी नाही. जाऊन तीन वर्षं झाली."

मला माझ्या जिभेला चिमटा काढावासा वाटला. श्रीराम तोवर उठून त्यांना पाणी द्यायला लागला होता. अशा वेळी त्याचा चेहरा कामी येतो, हे मान्य केलं पाहिजे.

त्यांची अनघा लग्न होऊन इथे आली होती. नवरा मुकुल, इथे एका कंपनीत इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला, आणि पाचव्या दिवशी ती गेली. त्यानंतर जावयाने फोन नंबर बदलला, घर बदललं, ईमेलला उत्तर नाही. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तेहेतीस अनारसे, वर दिवा. घरचे म्हणाले, मुलगीच राहिली नाही तर जावई कसला, देवळात देऊन मोकळी हो. बाईंनी त्या सगळ्यांना गप्प केलं आणि तिकीट काढलं.

"देवळात द्यायला हे देवाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मुकुलरावांचे आहेत. आणि मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ती त्यांनाच सांगेन, तुम्हाला नाही. पुढचा अधिक तीन वर्षांनी येणार. तेव्हा मी असेन याची मला खात्री नाही, आणि ही गोष्ट मला सोबत घेऊन जायची नाहीये. तुम्हाला जमेल का, तेवढं सांगा."

श्रीरामचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आणि त्याचे डोळे होते तिथल्या तिथे कोरडे झाले.

"काकू, वर काय लावलंय? खसखस?"

"मग काय, रांगोळी?"

"खसखशीला बंदी आहे इथे. अमली पदार्थांत धरतात."

आशालताबाईंनी अनारशांकडे पाहिलं, मग श्रीरामकडे, मग माझ्याकडे. हा माणूस बरा आहे ना, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तो मलाही कधीकधी पडतो, पण या वेळी तो खरं बोलत होता. अख्ख्या महाराष्ट्राने दिवाळी-अधिकात जे डोळे झाकून खाल्लं, ते या देशात आणणं गुन्हा आहे.

"विमानतळावर कुणी विचारलं नाही?" मी विचारलं.

"विचारलं की. मी म्हटलं, स्वीट्स फॉर सन-इन-लॉ. तो पोरगा हसला."

श्रीरामने रीतसर जाऊन कबुली देऊया असं सुचवलं. मी त्याला विचारलं की बहात्तर वर्षांच्या बाईला अनारशांपायी कोठडीत पाठवून तुझ्या हायाशी-सानच्या आत्म्याला शांती मिळणार आहे का? मग तेहेतीस अनारसे मी काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. डबा रिकामा झाल्यावर बाई फक्त म्हणाल्या, "पीठ आहे अजून माझ्याकडे. तुमच्याकडे कढई आहे का?"

अशा रीतीने आमची अशील हॉटेल सोडून वरच्या मजल्यावर, आमच्या घरी राहायला आली.

आता शोधाचं. या देशात माणसाची माहिती जपायला कडक कायदा आहे. बँक सांगत नाही, कंपनी सांगत नाही, घरमालक सांगत नाही. पण कायदा करणाऱ्यांना टॅम्पिनीसची स्मिता माहीत नव्हती. स्मिता घरी गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकते आणि तिच्या फोनमध्ये सिंगापुरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांचे पत्ते आहेत. माणूस नोकरी बदलेल, नंबर बदलेल, पण एकदा तोंडाला बसलेला गोडा मसाला बदलणार नाही. मी दोन किलो भाजणीची ऑर्डर दिली आणि तासभर तिच्या मेनोपॉजबद्दल ऐकलं. पत्ता मिळाला. बुकित पंजांग, नववा मजला. "एकटाच असतो गं," स्मिता म्हणाली, "पण महिन्याला अर्धा किलो मसाला नेतो. एकट्याला एवढा लागतो का?"

मलाही तोच प्रश्न पडला.

पाळत ठेवायचं काम मी करते. श्रीराम कुठेही उभा राहिला की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतं, अंकल, आर यू ओके? शुक्रवारी संध्याकाळी मुकुल ऑफिसातून निघाला. चाळिशीचा, बारीक, कानशिलावर पांढरे झालेले केस. घरी न जाता लिटल इंडियात उतरला, फुलवाल्याकडून मोगऱ्याचा हातभर गजरा घेतला, पानात बांधून घेतला आणि तो चुरगळू नये म्हणून अख्ख्या मेट्रोत आणि पुढे एलआरटीच्या छोट्या गाडीत हातात वर धरून उभा राहिला. नवव्या मजल्यावर त्याच्या दाराबाहेर पाहिलं, तर बायकी चपला. फुलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, दर शुक्रवारी नेतात.

गजरा, चपला, अर्धा किलो मसाला. आणखी काय पुरावा पाहिजे? मराठी पुरुष स्वतःच्या केसांसाठी गजरा घेत नाही.

शनिवारी श्रीराम एकटाच गेला, नियमाप्रमाणे विचारायला. तीन तासांनी परत आला आणि बूट न काढता दारातल्या स्टुलावर बसला. आशालताबाई आतल्या खोलीत होत्या.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"का?"

"ते सांगता येणार नाही, उल्का. त्याने शब्द घेतलाय."

"शब्द! आणि त्या बाई आत जावयासाठी वाती वळतायत, त्यांना काय सांगू?"

"सापडला, सुखरूप आहे, भेटायची इच्छा नाही."

"तुझ्या त्या नियमाला ना, एकदा समुद्रात बुडवून ये."

तो काही बोलला नाही. त्याची ही सवय मला भांडणात फार महागात पडते, कारण एकटीने किती वेळ ओरडणार? मी तणतणत आत गेले. काकू वाती वळता वळता थांबल्या, आणि मी माझ्या डोक्याने ठरवलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, काकू, आशा सोडा. जावयांनी दुसरं लग्न केलंय. किंवा तसंच काहीतरी. घरात बाई आहे.

खरं म्हणजे मला त्यांची समजूतच घालायची होती. राग आला की माणूस निघून जातो, मन मोकळं होतं, असा माझा हिशेब.

आशालताबाईंनी हातातली वात ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "गजरा नेतात तिला?"

"दर शुक्रवारी."

"अनघाला आवडायचा नाही. डोकं दुखायचं तिचं." मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं. चाळिशीचा माणूस, किती दिवस एकटा राहणार? अगं, इथे खण मिळतो का कुठे? तिची ओटी भरायला पाहिजे. पहिल्यांदाच जायचं, हात हलवत कसं जाऊ?"

ज्या माणसाला भेटायचंच नाही, त्याच्या दुसऱ्या बायकोची ही बाई ओटी भरायला निघाली होती! खण काही मिळाला नाही. लिटल इंडियातून एक मोतिया रंगाची साडी, हिरव्या बांगड्या आणि नारळ आणला. श्रीराम त्या साडीकडे असा बघत होता, जणू तीच आजारी आहे. मधेच म्हणाला, "उल्का, एवढं कशाला..." आणि गप्प झाला. त्याला माहीत होतं की ती साडी नेसणारी तिथे कुणीच नाही. पण सांगेल तर शपथ.

अमावास्येला दोन दिवस उरले. दुपारी काकूंनी अनारसे तळायला घेतले, खसखशीऐवजी रव्यावर थापून. मी शेजारी झारा घेऊन उभी, श्रीराम बाहेर टेबलावर अहवाल लिहीत बसलेला. आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत नाही, फक्त एक फ्रीज आहे.

पहिला अनारसा तुपात हसला. हसला म्हणजे विरघळून गेला, पार चुरा. दुसराही हसला. तिसराही हसला, तसा मी गॅस बारीक केला.

"मी त्यांना खुनी म्हटलं होतं," काकू कढईकडे बघत म्हणाल्या. "अनघाला नेलं त्या दिवशी. सगळ्यांसमोर. म्हटलं, एक दिवस आधी दवाखान्यात नेलं असतंत तर माझी पोर वाचली असती. तुम्ही मारलंत तिला. ते मान खाली घालून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत."

"दुःखात बोलतो माणूस, काकू."

"ऐक ना. तिचा फोन आला होता मला, तिसऱ्या दिवशी. आई, अंग फार दुखतंय, जाऊ का डॉक्टरकडे? मी म्हटलं, उगाच काय धावतेस, ॲडमिट करून घेतात आणि सुया टोचत बसतात. पपईच्या पानांचा रस घे, एक दिवस वाट बघ. अकरा मिनिटं बोललो आम्ही. फोनवर वेळ दिसते ना, नंतर शंभरदा बघितली मी. अकरा मिनिटं." त्यांनी झारा खाली ठेवला. "मी थांबवलं तिला. आणि दोष त्यांना दिला. हे सांगायचंय मला त्यांना. त्यांना माहीत नसणार, तिने सांगितलं नसणार. तीन वर्षं तो माणूस स्वतःला गुन्हेगार समजत जगत असेल. सगळे मला म्हणतात, तुमचा काय दोष, देवाची मर्जी. मला नकोय ती देवाची मर्जी!"

चौथा अनारसा कढईत करपला. मी त्यांना जवळ घेतलं आणि रडले, सरळ रडले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

हॉलमधलं पेन थांबलं होतं. मी फ्रीजच्या पलीकडे डोकावले. श्रीराम पांढराफटक पडला होता. मला वाटलं, कंबर.

तो उठला, जिन्याने खाली ऑफिसात गेला. मी मागोमाग गेले. हायाशी-सानच्या फोटोपुढे तो कमरेत वाकून उभा होता, जपानी पद्धतीने, त्या कंबरेनिशी. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं.

"आता काय मागतोयस त्यांच्याकडे?"

"माफी," तो म्हणाला. "अनारसे झाले की निघू."

"कुठे?"

"बुकित पंजांग."

"अरे, आणि नियम?"

"मोडतोय," श्रीराम म्हणाला, आणि खरं सांगते, बावीस वर्षांत पहिल्यांदा मला या माणसाची भीती वाटली. काय माहीत आहे याला, जे मला माहीत नाही?

तेहेतीस पुरे व्हायला सहा वाजले. हसलेले धरले तर साठेक झाले असतील. काकूंनी इरकल नेसली, मांडीवर डबा घेतला, माझ्या हातात ओटीची पिशवी दिली आणि टॅक्सीत सगळा वेळ नव्या सुनेशी काय बोलायचं याची तयारी करत राहिल्या. सून म्हणत होत्या, बरं का! जावयाची बायको, तिला दुसरं म्हणणार तरी काय?

नवव्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलं एका पंचाहत्तरीच्या तमिळ आजीने. कपाळावर विभूती, हातात उदबत्ती. आतल्या देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीला हातभर मोगरा घातलेला.

काकूंनी आजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हीच?"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण सिंगापुरात सगळं काम पक्कं असतं, नववा मजलासुद्धा.

"पाट्टी, हू इज इट?" असं आजींना विचारत आतून मुकुल आला. अंगावर ॲप्रन, हातात डाव. त्याने आशालताबाईंना पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला. मग श्रीरामला म्हणाला, "तुम्ही शब्द दिला होता."

"हो," श्रीराम म्हणाला. "मोडला."

आजींना मराठी येत नव्हतं, पण बिचाऱ्यांनी सगळ्यांना आत घेतलं. खुलासा दोन वाक्यांत झाला. मुकुल त्यांच्याकडे भाड्याने खोली घेऊन राहतो, त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात, पायांनी बाहेर पडणं होत नाही म्हणून शुक्रवारची फुलं हा आणतो, रात्रीचा स्वयंपाक दोघांचा हाच करतो. गोड्या मसाल्याचं सांबार. आजींना आवडतं म्हणे.

दुसऱ्या बायकोची ओटी भरायला निघालेल्या आशालताबाई हे ऐकून ताठ झाल्या. "म्हणजे बायको नाही," त्या म्हणाल्या. "आई केलीत दुसरी. मी होते ना मुकुलराव. मी मेले नव्हते."

"आई, तसं नाही..."

"यांची फुलं आणता. माझ्या फोनला उत्तर नाही."

"या मला काही विचारत नाहीत," मुकुल म्हणाला. "यांना अनघा माहीतच नाही."

काकूंचा चेहरा पडला. डबा त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि उभ्याउभ्याच, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा सरळ उभ्या राहून, सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशीचा फोन. पपईचा रस. एक दिवस थांब. अकरा मिनिटं. "तुम्ही नव्हतं मारलं तिला," त्या म्हणाल्या. "मी थांबवलं. आणि चारचौघांत तुम्हाला बोलले. हे सांगायला आले मी."

मुकुलने एकदा श्रीरामकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "नाही आई. तुम्हाला चुकीचं आठवतंय. तिसऱ्या दिवशी तिचा फोन बंद होता. तुमचं बोलणं झालंच नाही."

"अकरा मिनिटं, मुकुलराव."

"दुसऱ्या कुणाशी बोलला असाल. सोडा ते आता. मीच उशीर केला. अनारसे आणलेत ना? द्या."

इतक्या सहज बोलला की क्षणभर मीसुद्धा चकले. मग माझी नजर श्रीरामवर गेली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. याला माहीत होतं! मुकुलला पहिल्यापासून माहीत होतं, आणि शनिवारी त्याने श्रीरामला तेच सांगितलं होतं. समोर राहिलो तर एखाद्या दिवशी रागाच्या भरात तोंडातून निघून जाईल, आणि म्हातारी त्याने मरेल, म्हणून हा माणूस तीन वर्षं सापडत नव्हता. त्या त्याला वाचवायला आल्या होत्या आणि तो त्यांना वाचवायला लपला होता. माझा नवरा दोघांचं गुपित पोटात घेऊन बसला होता, आणि मी आणली होती मोतिया साडी!

आशालताबाईंनाही कळलं. चाळीस वर्षं मुलांचं खोटं पकडण्यात गेलेली ती बाई.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"नाही आई."

"मुकुलराव, माझ्याकडे बघा. मला दया नकोय. घरात सगळे दयाच करतायत, ती खाऊन खाऊन मी थकले. तिच्यावर माझ्याइतका जीव असलेलं दुसरं माणूस तुम्हीच आहात. तुम्ही तरी रागवा हो माझ्यावर. कुणीतरी रागवा!"

मुकुलच्या हातातून डाव खाली पडला. आजी दचकल्या.

"स्पीकरवर होता फोन!" तो ओरडला. असा ओरडला की समोरच्या घराचं दार उघडलं. "मी समोर बसलो होतो! टॅक्सी बोलावली होती मी, खाली उभी होती! तुम्ही म्हणालात, पुरुषांना सगळ्याची घाई असते, त्यांचं ऐकू नकोस! हसली ती! एकशे तीन ताप आणि हसली, मला म्हणाली, बघ, आई काय म्हणते. आणि मी टॅक्सी परत पाठवली! का म्हणालात तसं? तुम्ही डॉक्टर आहात? आणि मी का ऐकलं तुमचं? का ऐकलं?"

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण मान वर होती, आणि त्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होत्या. हो. हो, म्हणाले. हो, नव्हतं म्हणायला पाहिजे.

"आणि वर मलाच खुनी म्हणालात! माझ्या आईसमोर! मी तेव्हा बोललो असतो तर? काय झालं असतं तुमचं? तीन वर्षं मी हे गिळून बसलोय, तीन वर्षं, आणि तुम्ही आता डबा घेऊन येता!" त्याचा आवाज फाटला. तोंड पुसायला त्याने ॲप्रनचं टोक वर घेतलं, आणि त्याच्या आडून, त्याच रागात, पुन्हा ओरडला, "आणि उभ्या काय राहिलाय मघापासून? गुडघे दुखतात ना तुमचे? बसा ना खाली!"

आशालताबाई बसल्या.